मामांच्या वाडीतला वाळूचा खड्डा

गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, मुंबईत यायच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा कोटात, म्हणजे फोर्टात, एका विलायती पेढीवर कारकून होतो, गिरगावात दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आईबरोबर राहत होतो, आणि आठवड्यातले सहा दिवस मान मोडून पत्रांच्या नकला करत होतो. माझ्या वयाची माणसं त्या काळाबद्दल लिहायला बसली की सभा, भाषणं आणि थोर पुढाऱ्यांची दर्शनं यांनी पानं भरून काढतात. सभांना मीही जात असे, पण खरं सांगायचं तर त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. मला आठवतो तो दादरला मामांच्या वाडीत असलेला वाळूचा खड्डा. त्या खड्ड्यात उभा राहून मी गोल्फ खेळत असे. हे वाचून कुणाला हसू येत असेल तर त्याने खुशाल हसावं. तेव्हाही सगळे हसतच होते.

हा साहेबी खेळ माझ्या गळ्यात पडला तो आमच्या थोरल्या साहेबामुळे. कचेरी सुटली की तो मैदानावर गोल्फ खेळायला जाई, आणि सहीचे कागद राहिले असले की ते घेऊन मला त्याच्या मागे जावं लागे. गिरगावात परतायची माझी वाटही मैदानावरूनच होती, म्हणून मी कुरकुरत नसे. उभ्या उभ्या खेळ पाहायला मिळे. चेंडू काठीने टोलवत टोलवत न्यायचा आणि शेवटी जमिनीतल्या एका लहानशा खळग्यात घालायचा, एवढाच तो खेळ. पण त्या खळग्याच्या अगदी तोंडाशी साहेबलोकांनी मुद्दाम वाळूचे खड्डे करून ठेवले होते. त्यांना ते बंकर म्हणत. आपल्याच वाटेत आपणच खड्डे खणायचे आणि मग त्यात चेंडू पडला म्हणून आपणच शिव्या घालायच्या, हा प्रकार मला फारच आवडला.

आमचा साहेब कचेरीत मोठा शांत माणूस होता. त्या खड्ड्यात उतरला की मात्र त्याचा चेहरा लालबुंद होई. एकतर चेंडू जागचा हलत नसे, नाहीतर सुसाट पलीकडे जाऊन कुणाच्या तरी घोड्याला बुजवी. एकदा तो खड्ड्यातून बाहेर आला आणि तशाच वाळूने भरलेल्या हाताने त्याने कागदावर सही केली. मी तीच वाळू सहीवर पसरून शाई सुकवली आणि कागद झटकून खिशात घातला. पुढे तो कायमचा विलायतेला जायला निघाला तेव्हा त्याने मला बोलावून ती वाळूतली काठी आणि तीन चेंडू माझ्या हातात दिले. ही अवलाद मला घरी न्यायची नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला.

काठी चिवट लाकडाची होती आणि तिला खाली जाडजूड, मागे कललेलं लोखंडी तोंड होतं. साहेब तिला निब्लिक म्हणे. आमच्या मामीने ती पाहिली आणि पहिल्याच दिवशी तिचं नाव 'पळी' ठेवून दिलं. मग ते नाव टिकलं.

आता काठी आली, चेंडू आले, पण खेळायचं कुठे? मैदान साहेबलोकांचं. चौपाटीवर फिरायला येणाऱ्यांची गर्दी, आणि गिरगावच्या माणसाला दुसरा माणूस काय करतो आहे हे कळल्याखेरीज पुढे जाववत नाही. उरली मामांची वाडी.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मी लहान असताना वडील गेले, तेव्हापासून आमच्या घराचा भार त्यांनीच उचलला. माझी शाळा, आईची दुखणीखुपणी, आमचं बिऱ्हाड, सगळं त्यांनी पाहिलं. मला त्यांच्याविषयी प्रेम होतं आणि त्याहून जास्त धाक होता. मामा कधी मारत नसत, पण ओटीवर बसून सुपारी कातरता कातरता ते नुसते वर पाहायचे, आणि आपण काय चुकलो हे आपलं आपल्याला आठवायला लागायचं. त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. मामी त्याच्या अगदी उलट. तिचं हसू विहिरीपाशी सुरू झालं की वेशीवर ऐकू येई.

दर रविवारी सकाळी मी आणि मास्तर निघत असू. मास्तर म्हणजे आमच्याच चाळीतला माझा बालमित्र, मराठी शाळेत शिकवायचा. लहानपणापासून विटीदांडूत तो माझा भिडू. उडालेली विटी झेलण्यात सबंध गिरगावात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्ही घोड्यांच्या ट्रामने भायखळ्यापर्यंत जात असू. चढावर घोडे धापा टाकायला लागले की मास्तर त्यांची दया येऊन खाली उतरे आणि ट्रामच्या बाजूने चालू लागे, आणि पुष्कळदा माझ्या आधी पोचे. तिथून पुढे लालबाग, परळ करत पायी दादर. रविवारी गिरण्या बंद असायच्या. धुराड्यांतून धूर नसे आणि गिरणीतली माणसं दारात बसून दाढ्या करून घेत असत. माझ्या खांद्यावरची पळी पाहून कुणी ना कुणी तरी विचारीच, "काय मालक, खणायला निघालात?" मास्तर गंभीरपणे हो म्हणे.

वाडीतला खड्डा कुणी हौसेने खणलेला नव्हता. घरासमोर पूर्वी काही जुने माड होते. ते एका वादळात मुळासकट पडले आणि तिथे मोठा खळगा झाला. नवी रोपं लावायची म्हणून मामांनी गाड्या भरभरून समुद्रावरची वाळू आणून त्यात टाकली होती, आणि काही ना काही कारणाने लावणी लांबत गेली होती. खड्ड्याला लागूनच अंगण. साहेबांच्या खळग्याभोवती गवत असे, आमच्याकडे मामीने शेणाने सारवलेली जमीन होती. सारवण नीट वाळलं की चेंडू त्यावरून असा सरळ जाई की साहेबाने पाहिलं असतं तर त्याने दुसऱ्याच दिवशी मैदानावर गाई बांधल्या असत्या. तुळशीपासून लांब, अंगणाच्या टोकाला मी करवंटीएवढा खळगा केला आणि त्यात माडाच्या हिराची काडी रोवून वर लाल चिंधी बांधली. मामीने चार दिवस कुरकुर केली. मग सारवताना ती खळग्याच्या कडाही बोटाने गुळगुळीत करायला लागली.

चेंडूंचं काम तर तिने स्वतःकडेच घेतलं. गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे ते चेंडू पळीचे घाव खाऊन खाऊन ओबडधोबड होत. साहेबाकडे मी पाहिलं होतं की ते गरम पाण्यात टाकले की मऊ होतात आणि पुन्हा वळता येतात. मी आणि मास्तर ते वळायला बसलो तर बटाटे तयार झाले. मामीने आम्हाला बाजूला सारलं, तळहाताला खोबरेलाचं बोट लावलं आणि तिन्ही चेंडू बघता बघता वळून ठेवले. "लाडू वळता येत नाहीत आणि चालले साहेब व्हायला," ती म्हणाली.

साहेबी खेळाचा एक नियम मात्र तिला न सांगता कळला. खड्ड्यात उतरल्यावर टोला मारेपर्यंत काठीने वाळूला शिवायचं नाही. मास्तरला हे पटेना, वाळूला शिवलं म्हणून काय बिघडतं म्हणे. मामी ओरडली, "अरे, सोवळ्यात आहे ती! तेवढं समजत नाही?" त्यानंतर मास्तरने कधी वाद घातला नाही.

इतकी सगळी तयारी झाली, पण चेंडू काही खड्ड्याबाहेर येईना. कित्येक रविवार असे गेले. मी चेंडूवर नजर रोखून सगळा जोर लावून टोला मारी आणि चेंडू अर्धा वाळूत रुतून मलाच बघत राही. कधी चुकून नेमका चेंडूच्या मधोमध फटका बसे आणि तो माडांच्या शेंड्यांमधून पार समुद्राच्या बाजूला जाई. एकदा मासळी द्यायला आलेली कोळीण टोपली डोक्यावर तशीच ठेवून आमच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. "अगो बाय," ती मामीला म्हणाली, "ही शिकलेली मानसं वालूत काय शोधतान गो?" मामी हसून हसून खाली बसली. मला राग आला. मला तेव्हा राग फार लवकर येत असे, अजूनही येतो. मी पळी वाळूत आपटली आणि म्हणालो की हा खेळ विलायतेतल्या रिकामटेकड्यांनी माणसाचा अपमान करण्यासाठी काढलेला आहे.

मास्तर काठावर बसून कैरी खात होता. तोही कंटाळला होता. "अरे, मारतोस कशाला त्याला?" तो चिडून म्हणाला. "कोल की!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विटी कोलताना आपण विटीला कुठे मारतो? खळग्यावर आडव्या ठेवलेल्या विटीखाली दांडूचं टोक घालायचं आणि ती मातीसकट उचलून भिरकावायची. मी पुन्हा खड्ड्यात उतरलो. चेंडूकडे पाहायचं सोडलं. त्याच्या मागे बोटभर अंतरावरची वाळू धरली आणि ती वाळूच अंगणात फेकायची असं मनाशी म्हणून पळी फिरवली. फस्स असा आवाज झाला. वाळूचा एक पंखा वर उडाला आणि त्यातून चेंडू अलगद बाहेर निघाला, अंगणात टेकला आणि दोन पावलं जाऊन थांबला. हाताला काही लागल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. आम्ही दोघांनी एकमेकांच्या अंगावर वाळू उडवत जो धिंगाणा घातला तो पाहून शेजारच्या वाडीतला रखवालदार कुंपणापाशी धावत आला.

त्यानंतरचे ते महिने. काय सांगू! सहा दिवस मी टेबलावर वाकून दुसऱ्याची पत्रं दुसऱ्याच्या नावाने लिहीत असे, आणि सातव्या दिवशी त्या खड्ड्यात उभा राहून वाळू उडवत असे. मी फार सुखी होतो. त्या वयात माणसाला आपण सुखी आहोत हे कळत नाही म्हणतात. मला चांगलं कळत होतं. दहांतले सात चेंडू बाहेर यायला लागले होते, आणि उरलेले तीन का आले नाहीत याचा विचार मी सोमवारी कचेरीत करत असे. जेवायला मामीच्या हातची कोलंबी, वर सोलकढी, आणि संध्याकाळी परतताना केसांत, कानांत, खिशात सगळीकडे वाळू. आई म्हणे, "भावाने वाडी लिहून दिली वाटतं तुला, थोडी थोडी करून आणतोयस."

मग एका रविवारी माझा टोला चुकला. वाळूऐवजी चेंडूच लागला आणि तो थेट मामांच्या डोक्यावरच्या कौलावर जाऊन बसला. कौल फुटलं, आणि त्याचा तुकडा मामांच्या सुपारीच्या तबकात पडला.

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. "मृग जवळ आला," ते शांतपणे म्हणाले. "रोपं आलेली आहेत. खड्ड्यात लावून टाकू."

विहिरीपाशी सावलीत माडाची रोपं खरंच ठेवलेली होती. मी ती दर रविवारी पाहत होतो आणि पाहिली नाहीत असं करत होतो. वाडीत दुसरीकडे जिकडेतिकडे पाण्याचे पाट आणि माडांचे बुंधे होते. अंगणाला लागून वाळू अशी ही एकच जागा, आणि ती गेली की माझा खेळ कायमचा गेला. मामांपुढे हट्ट करायची माझी हिंमत कधी झाली नव्हती, पण त्या दिवशी झाली. मी म्हणालो, "मामा, हा टोला चुकला, पण मला येतो. खरंच येतो."

"येतो?" मामा म्हणाले. "मग पुढच्या रविवारी दाखव. एका टोल्यात खड्ड्याबाहेर, दुसऱ्यात त्या खळग्यात. एकदाच. जमलं तर खड्डा तुझा. नाही जमलं तर माड."

त्या आठवड्यात मला अन्न गोड लागेना. कचेरीत एका व्यापाऱ्याला मी कापसाऐवजी वाळूच्या गाठी पाठवल्याचं लिहिलं, ते हेडक्लार्कने पाहिलं म्हणून बरं. शेवटी न राहवून एका पहाटे पळी घेऊन चौपाटीवर गेलो. दोन टोले मारले नाहीत तोच एक गृहस्थ थांबले. "काय हरवलं?" म्हणाले. मी म्हणालो, काही नाही. त्यांना ते खरं वाटलं नाही, त्यांनी उपरणं सावरून माझ्याशेजारी वाळू चाचपायला सुरुवात केली. मग दुसरे आले. त्यांनी पहिल्यांना विचारलं, पहिले म्हणाले, "अंगठी असावी." थोड्या वेळात तिथे पंधरावीस माणसं गुडघ्यांवर बसून वाळू उकरत होती आणि एक आजोबा कुणी कुठे उकरायचं ते सांगत होते. मी पळी उपरण्याखाली लपवून हळूच निघालो. वळून पाहिलं तर कुणाला तरी एक बटण सापडलं होतं आणि ते माझं आहे की काय म्हणून लोक मला शोधत होते.

रविवार उजाडला. वाडीत पोचलो तर मामा ओटीवर नव्हते. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, डोक्याला पागोटं, कुठल्या तरी पंचायतीला आल्यासारखे. मामी दारात. मामांनी स्वतः चेंडू घेतला आणि खड्ड्यात टाकला. तो नेमका उताराला, वाळूत निम्मा बुडून बसला. मी मास्तरला खळग्यापाशी काडी धरायला उभं केलं, म्हणजे चेंडू आला की त्याने ती उपसून घ्यायची. मैदानावर साहेबांची माणसं तसंच करत.

मी खड्ड्यात उतरलो. पाय वाळूत घट्ट रुतवले. पळी सोवळ्यात ठेवली. माडांच्या झावळ्यांचा आवाज येत होता, त्याखेरीज सगळं शांत होतं. मी चेंडूच्या मागची वाळू नजरेने धरली आणि कोललं.

असा टोला मला पुन्हा जन्मात मारता आला नाही. वाळू उडाली, चेंडू तिच्यातून उंच वर निघाला, हवेत क्षणभर रेंगाळला आणि सरळ लाल चिंधीच्या दिशेने खाली यायला लागला. मामी "आहा" म्हणाली. तो खळग्याशेजारी टेकणार, दुसऱ्या टोल्याला मूलसुद्धा तो आत घालील, हे मला खड्ड्यातून दिसत होतं.

तेवढ्यात मास्तरने काडी टाकली, दोन पावलं मागे सरला, उडी मारली आणि चेंडू दोन्ही हातांनी हवेतच झेलला.

"झेऽऽल!" तो गरजला.

चेंडू डोक्यावर धरून तो विजयाने माझ्याकडे पाहत होता. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. वीस वर्षं उडून आलेली वस्तू झेलण्यात गेलेली, त्या बिचाऱ्याच्या हातांना काय कळणार होतं? पण तेव्हा मला तो बिचारा वाटला नाही. त्याला त्याच खड्ड्यात पुरावा आणि वर माड लावावा असं मला वाटलं.

"बाद," मामा म्हणाले.

"मामा!" मी ओरडलो. "बाद कसा? हा विटीदांडू नाही, गोल्फ आहे!"

"गोल्फात झेल घेतला तर काय होतं?"

मला ते माहीत नव्हतं. मैदानावर कुणी कधी झेल घेतला नव्हता. मी मास्तरकडे पाहिलं, मास्तर जमिनीकडे पाहत होता.

"माहीत नाही ना? मग या वाडीत झेल म्हणजे बाद. डाव संपला." मामा उठले. मी खड्ड्यातच बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं ते वाळूमुळे असं मी कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

"अहो, थांबा," मामी दारातून म्हणाली. "झेल घेतला कुणी?"

"मास्तरने."

"मास्तर कुणाचा भिडू? ह्याचाच ना? आपल्याच भिडूने झेलली तर गडी बाद होतो हे कुठलं शास्त्र? तुम्हीच तर सांगायचात."

मामा उभ्याउभ्या थबकले. "तू यात पडू नकोस," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"का नको? आमच्या लग्नात मुहूर्ताला नवरदेव सापडेना," मामी आम्हाला सांगायला लागली. "सगळे शोधतायत. आणि हे मुंडावळ्या बांधून मागच्या शेतात विटी कोलतायत! अंतरपाटाला उभे राहिले ते धुळीने माखलेले. मला वाटलं, हा नवरा की कुंभार?"

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मामा, आमचे मामा, मुंडावळ्या बांधून विटीदांडू! मास्तरला हसू आवरेना. मामांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"कोलण्यात काय आहे एवढं?" ते एकदम म्हणाले. "यात कसब ते काय? मी डोळे मिटून काढीन हा चेंडू. आण ती पळी इकडे. मी एका टोल्यात काढला, तर मग माड. बोला!"

त्यांनी पागोटं खुर्चीवर ठेवलं, काचा वर खोचला आणि खड्ड्यात उतरले. मी चेंडू ठेवून बाजूला झालो. मामांनी पळी उगारली आणि चेंडूवर सगळा राग काढला. चेंडू खोल गेला. "हा धरू नका," ते म्हणाले, "वारा होता." दुसरा टोला. चेंडू तिथेच. तिसऱ्याला तो उडाला, काठाला लागला आणि परत त्यांच्या पायांशी येऊन थांबला. मला सांगावंसं वाटत होतं की मामा, त्याला मारू नका, मागची वाळू घ्या. पण मास्तरने माझा हात दाबला. मामीने हाक मारली, "पानं वाढलीत." मामा म्हणाले, "झाकून ठेव."

भात निवला. कढी दोनदा गरम झाली. मामांच्या मिशांत वाळू, भुवयांत वाळू. वाढतं ऊन पाहून मामीने त्यांच्या डोक्यावर ओला पंचा नेऊन ठेवला, ते त्यांना कळलंसुद्धा नाही. आता ते माडाबद्दल बोलत नव्हते, पैजेबद्दल बोलत नव्हते, आमच्याशीच बोलत नव्हते. ते चेंडूशी बोलत होते. आणि मग दमून, जोर संपल्यामुळे असेल किंवा हातांना काहीतरी जुनं आठवल्यामुळे असेल, त्यांनी पळी नुसती खालून वाळूतून सोडली. फस्स! चेंडू उठला, अंगणात उतरला आणि घरंगळत घरंगळत तुळशीपर्यंत गेला.

मामांनी आरोळी ठोकली. ते खड्ड्यातून चारी हातापायांवर चढून आले आणि चेंडूच्या मागे धावले. हसत होते. मामांना दात आहेत हे मला ठाऊक होतं, पण इतके आहेत हे ठाऊक नव्हतं. जेवताना मधूनच त्यांच्या हातातला घास थांबे आणि मनगट किंचित वळे. खड्ड्याचं काय ठरलं हे विचारायचा धीर मला झाला नाही. संध्याकाळी निघताना रोपं सावलीत तशीच होती.

पुढच्या रविवारी वाडीचं विहिरीकडचं फाटक उघडलं आणि मी आधी रोपांच्या जागेकडे पाहिलं. विहिरीपाशी एकही रोप नव्हतं. मृगाची वाटसुद्धा न पाहता मामांनी लावणी उरकली होती. मी मास्तरला म्हणालो, "चल, परत जाऊ." तो म्हणाला, "आलोय तर पाया तरी पडून जाऊ."

घराला मागून वळसा घालताना मागच्या कुंपणाच्या कडेने रोपांची रांग दिसली. सगळी रोपं तिथे होती, विहिरीच्या पाण्याने भिजलेली, प्रत्येकाभोवती आळं. आणि समोरच्या बाजूने आवाज आला. फस्स.

मामा खड्ड्यात होते. केव्हापासून होते कोण जाणे, काठावर चहाची कपबशी तशीच पडली होती. मी धावत जाऊन उभा राहिलो. मी हात पुढे केला, पळीसाठी.

मामांनी पळी दिली नाही. त्यांनी वर पाहिलंही नाही. चेंडूमागची वाळू नजरेने धरून ते हळूच म्हणाले, "तुझे वडील गेले तेव्हा दोन घरं एकदम अंगावर आली रे. खेळायचं राहूनच गेलं. बस जरा, माझा डाव चालू आहे."

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. दिवस कलेपर्यंत बसलो, आणि त्यांचा प्रत्येक चेंडू उचलून परत वाळूत ठेवत राहिलो.